अन्नछत्र आणि हमी

गेल्या चातुर्मासात आपल्या मंदिरात दामाजीपंतांच्या आख्यानावर कीर्तन झाले. आरती झाल्यावर सभामंडपात रेंगाळलेल्या मंडळींपैकी एका वृद्ध सद्गृहस्थांनी बुवांना एक शंका विचारली. ते म्हणाले, "पूर्वी भुकेल्याच्या मुखी घास घालणे हे गृहस्थाचे पुण्यकर्म होते. आता सरकार कायदा करून धान्याची हमी घेते, कामाची हमी घेते, शाळेची हमी घेते. मग दात्याने द्यावयाचे काय आणि दानधर्माला जागा कोठे? शिवाय जे मागावेही लागत नाही त्याची माणसाला किंमत ती काय राहणार?" रात्र बरीच झाली असल्यामुळे बुवांनी दोन वाक्यांत समाधान केले आणि मंडळी घरोघर गेली. परंतु ही शंका दोन वाक्यांत मिटण्यासारखी नाही. आपल्यापैकी अनेकांच्या मनात ती आहे, आणि ती विचारणारे गृहस्थ स्वतः वर्षानुवर्षे अन्नछत्रास मदत करणारे आहेत. म्हणून यावेळच्या स्वाध्यायात तिचाच विचार करावयाचे आम्ही योजिले आहे.

आरंभ दामाजीपंतांपासूनच करू. मंगळवेढ्याचा हा अधिकारी बेदरच्या बादशहाचा चाकर. दुष्काळ पडला, माणसे अन्नान्न करून मरू लागली, तेव्हा पंतांनी सरकारी धान्याची कोठारे लोकांना मोकळी करून दिली. कोणीतरी चहाडी केली, बादशहाने पकडून आणण्याचा हुकूम सोडला, आणि पंत बेदरास पोचण्यापूर्वीच पांडुरंगाने विठू महाराचे रूप घेऊन धान्याचे मोल दरबारात भरले व पावती घेतली. महिपतींच्या भक्तिविजयामुळे ही कथा महाराष्ट्राच्या घराघरांत पोचली. ती ऐकताना आपले लक्ष चमत्काराकडे जाते, ते स्वाभाविकच आहे. पण घटकाभर चमत्कार बाजूस ठेवून पाहावे. धान्य कोठारात होते. भुकेलेही दाराशी होते. त्या दोहोंच्या मध्ये कुलूप होते, आणि ते उघडावयाचे की नाही हे सर्वस्वी एका माणसाच्या काळजावर अवलंबून होते. मंगळवेढ्यास त्या वर्षी दामाजी होते. शेजारच्या महालात दुसरा कोणी हिशेबी अधिकारी असला तर तेथील लोकांचे काय झाले असेल? कथेत त्यांचा उल्लेख नाही, कारण जे मेले त्यांची आख्याने होत नाहीत.

आमच्या मते 'हमी' या शब्दाचा सारा अर्थ येथे आहे. दान हे दात्याच्या इच्छेवर, ऐपतीवर आणि बहुधा त्याच्या निवडीवर चालते. हमी म्हणजे देणाऱ्याचे मन आज प्रसन्न आहे की नाही आणि घेणाऱ्याचे तोंड त्याला आवडते की नाही, हे न पाहता जे मिळावयाचे ते मिळणे.

हा विचार परका आहे, पश्चिमेकडून आला आहे, असे काहींना वाटते. तसे नाही. मनुस्मृतीहून प्राचीन मानल्या जाणाऱ्या आपस्तंब धर्मसूत्राच्या दुसऱ्या प्रश्नात राजधर्म सांगितला आहे. तेथे राजाच्या राज्यात कोणीही भुकेने, रोगाने, थंडीने किंवा उन्हाने खचता कामा नये, मग ते अभावामुळे असो की कोणी जाणूनबुजून केल्यामुळे असो, असे स्पष्ट विधान आहे. अन्न, औषध, वस्त्र, निवारा हे चारही त्यात आले. याच सूत्रकारांनी गृहस्थालाही बजावले आहे की, प्रसंगी स्वतःला, बायकोला, मुलाला कमी पडले तरी चालेल, पण घरी राबणाऱ्या चाकराच्या अन्नात काटछाट करू नये. कौटिल्यांनीही बालक, वृद्ध, रोगी, संकटात सापडलेले आणि अनाथ यांचे पोषण राजाने करावे असे म्हटले आहे. भागवताच्या सातव्या स्कंधात नारदांनी युधिष्ठिराला गृहस्थधर्म सांगताना, पोट भरण्यापुरते जे लागते तेवढ्यावरच देहधाऱ्याचे स्वामित्व असते आणि त्याहून अधिकावर जो हक्क सांगतो त्यास चोर समजावे, इतक्या कठोर शब्दांत हीच गोष्ट मांडली आहे.

मात्र आपल्या शास्त्रांत सर्वत्र एकच सूर आहे असे सांगून आम्ही वाचकांची दिशाभूल करू इच्छीत नाही. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाच्या राज्यात कोण भुकेने पीडित होऊ नये हे सांगितले आहे, पण तेथे शब्द आहे 'श्रोत्रिय', म्हणजे वेदाध्ययन केलेला ब्राह्मण. आपस्तंबांच्या सूत्रात त्याच ठिकाणी 'कश्चित्', म्हणजे कोणीही, असा शब्द येतो. आपस्तंब समतावादी होते असा याचा अर्थ नव्हे, त्यांच्या ग्रंथात वर्णभेद पदोपदी आहे. तरीही 'श्रोत्रिय' आणि 'कोणीही' या दोन शब्दांत जे अंतर आहे, त्याच अंतरात आपल्या समाजाची पुढची शेकडो वर्षे गेली आहेत. आपल्या बडोद्याचेच पाहावयाचे तर गायकवाडीत राजधर्मादायातून ब्राह्मणांना खिचडी आणि मुसलमानांना ग्यारमी वाटण्याची जुनी रीत होती. दोन्ही वाटपे औदार्याचीच, पण घेणाऱ्याला आधी आपण कोण हे सांगावे लागे, आणि जो दोहोंतही बसत नसे त्याचे पात्र रिकामे राही.

आता दामाजींच्या मुलखाकडे पुन्हा येऊ. मंगळवेढे ज्या सोलापूर जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्यासह महाराष्ट्राचा मोठा भाग १९७२ साली भीषण दुष्काळात सापडला. ज्या वर्षाची आठवण आजही वृद्ध माणसे 'बहात्तरचा दुष्काळ' एवढ्याच शब्दांनी देतात, ते हे वर्ष. यावेळी कोठाराचे कुलूप एका माणसाच्या मर्जीवर ठेवले गेले नाही. पाझर तलाव, बंधारे, रस्ते, खडी फोडणे अशी कामे काढण्यात आली, आणि १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे पन्नास लाख माणसे या कामांवर होती. तत्पूर्वीच, १९६५ च्या सुमारास, विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातील विसापूर येथे, मागेल त्याला काम देता येते काय, याचा लहानसा प्रयोग करून पाहिला होता. त्या प्रयोगातून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. अंगमेहनत करण्यास तयार असलेल्या ग्रामीण भागातील कोणाही प्रौढाने काम मागावे, पंधरा दिवसांत ते मिळावे, न मिळाल्यास बेकारी भत्ता मिळावा, असे त्याचे स्वरूप होते. पैसा कोठून आला हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९७५ साली नोकरदार व व्यावसायिक यांवर बसविलेला व्यवसायकर हा त्याचा एक मुख्य आधार होता. म्हणजे मुंबईच्या कचेरीतील कारकुनाच्या पगारातून कापलेले चार रुपये माणदेशातील बाईच्या हाती मजुरी म्हणून पोचत होते. दोघांची गाठ कधी पडावयाची नव्हती, त्यामुळे एकाला दातृत्वाचा अभिमान नव्हता आणि दुसरीला मिंधेपणा नव्हता. पुढे २००५ साली केंद्रानेही प्रत्येक ग्रामीण कुटुंबास वर्षाला शंभर दिवसांच्या कामाचा कायदा केला, त्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

त्या योजनेत दोष नव्हते असे नाही. खोटे हजेरीपट, मजुरीला होणारा विलंब, अर्धवट सोडलेले बंधारे यांच्या कहाण्या गावोगाव ऐकावयास मिळतात. पण आमच्या वृद्ध मित्रांचा आक्षेप या दोषांवर नाही, तो तत्त्वावर आहे, आणि तेथे आम्ही त्यांना नम्रपणे विचारू की, वैशाखाच्या उन्हात डोक्यावर पाटी घेऊन माती वाहणाऱ्या माणसास फुकटे म्हणता येईल काय? आळशी माणसे असतात, श्रीमंतांतही असतात. वडिलार्जित इस्टेटीवर जन्मभर बसून खाणाऱ्यास आपण आळशी म्हणत नाही, सुखवस्तू म्हणतो, एवढाच काय तो फरक.

याहून गंभीर आक्षेप कर्मसिद्धान्ताचा आहे. ज्याचे त्याचे प्रारब्ध ज्याला त्याला भोगावे लागते, त्यात समाजाने किंवा राजाने हात का घालावा, असे काही सश्रद्ध माणसे प्रामाणिकपणे विचारतात. कर्मसिद्धान्तावर आमचीही श्रद्धा आहे. परंतु तो आपण कोणाच्या बाबतीत वापरतो हे पाहावे. स्वतःच्या नातवाला ताप भरला तर 'प्रारब्ध आहे' म्हणून कोणी स्वस्थ बसत नाही, रात्री दोन वाजता डॉक्टरचे दार ठोठावतो. शेजारच्या झोपडीतले मूल तापाने फणफणले म्हणजे मात्र आपल्याला प्रारब्ध आठवते. स्वतःवर आलेले दुःख धीराने सोसण्यासाठी हा सिद्धान्त मोठा आधार आहे, पण दुसऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरविण्यासाठी त्याचा उपयोग करावा असे आमच्या वाचनात कोठे आलेले नाही. एकनाथांनी श्राद्धाचे अन्न भुकेल्या अंत्यजांना वाढले तेव्हा त्यांच्या पूर्वकर्माची चौकशी केली नव्हती.

येथवर अन्नाचा विचार झाला. समान संधी ही याहून वेगळी गोष्ट आहे असे पुष्कळांना वाटते. मूल शाळेत घातले, परीक्षेला बसू दिले, की संधी दिली. वस्तुतः या दोन गोष्टी एकमेकींपासून सुटत नाहीत, आणि हे आपल्या समाजाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पुण्यात, साताऱ्यात, ग्वाल्हेरीत, इंदुरात, आपल्या बडोद्यातही, गरीब ब्राह्मण विद्यार्थी माधुकरी मागून किंवा वार लावून शिकत. सोमवारी एका घरी पान, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात घरांनी मिळून एका मुलाला शिकविलेले असे. त्या मुलांचा वेळप्रसंगी अपमानही होई, शिळेपाके वाढले जाई. तरीही त्या पानांवर जेवूनच वकील, शिक्षक, शास्त्री निर्माण झाले. विद्येला आधी दोन वेळचे जेवण आणि अंग टाकायला ओसरी लागते, हे सत्य त्या सात घरांतील गृहिणींनी कोणत्याही अर्थशास्त्राच्या पुस्तकावाचून ओळखले होते. फक्त ते पान कोणत्या मुलासाठी मांडावयाचे हे ठरलेले होते. कुणब्याच्या, चांभाराच्या, महाराच्या मुलाला सोमवारही नव्हता आणि मंगळवारही नव्हता. पुढे 'बुद्धी त्यांच्यातच नाही' असे जे म्हटले गेले, ते म्हणणाऱ्यांनी हा जेवणाचा हिशेब कधी मांडला नाही.

हा हिशेब मांडला तो दोन राजांनी. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी करण्यास उत्तेजन दिले, १९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकरीत निम्म्या जागा राखून ठेवण्याची आज्ञा काढली, आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला. आपल्या सयाजीराव महाराजांनी त्याआधीच, १८९३ साली, अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला होता आणि १९०६ साली तो साऱ्या राज्यास लागू केला, मुलींसह. नामदार गोखल्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानसाठी १९११ साली तसेच विधेयक मांडले, ते पुढील वर्षी फेटाळले गेले. जे कलकत्त्याच्या सरकारला जमले नाही ते बडोद्याने करून दाखविले याचा आपल्याला अभिमान आहे, आणि तो रास्त आहे. तथापि अडचण येथेही तीच आली. मूल शाळेत न पाठविल्यास पालकास दंड होई, आणि ज्या घरी मुलाची गुरे राखण्याची मजुरी बंद झाली की चूल बंद पडत असे, त्या घराला सक्ती म्हणजे एक नवा कर वाटे. अलीकडे सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी प्राथमिक शाळांत शिजविलेले अन्न देण्याचा आदेश दिला, तो याच कारणासाठी महत्त्वाचा. शाळेची घंटा आणि जेवणाची घंटा एक झाली.

अस्पृश्यांच्या मुलांसाठी बडोदे राज्यास वेगळ्या शाळा काढाव्या लागल्या. त्यांत शिकवावयास सवर्ण शिक्षक मिळेनात, म्हणून पंजाबातील आर्यसमाजी पंडित आत्माराम यांना १९०८ मध्ये येथे आणावे लागले. राजाची इच्छा होती, तिजोरी होती, कायदा होता. अडत होते ते आपल्यापाशी.

या संदर्भात १९१७ ची घटना प्रत्येक बडोदेकराने जाणून घ्यावी असे आम्हांस वाटते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाराजांनी महाविद्यालयीन शिक्षणासाठी मासिक शिष्यवृत्ती दिली आणि १९१३ साली अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात पाठविले. अट एवढीच की परत आल्यावर दहा वर्षे राज्याची नोकरी करावी. संधी देण्याच्या बाबतीत याहून अधिक राजाने काय करावयाचे? करारानुसार आंबेडकर १९१७ साली बडोद्यास नोकरीवर रुजू होण्यास आले. राज्याने सर्व दिले होते, फक्त राहावयास जागा शहराने द्यावयाची होती. ती कोणी देईना. अखेर त्यांनी एका पारशी पथिकाश्रमात आसरा घेतला. तेथील वहीत पारशांखेरीज कोणाचे नाव लिहिता येत नसे, म्हणून त्यांनी पारशी नाव धारण करून नोंद केली, हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. कचेरीत शिपाई कागद लांबूनच टाकीत, असे चरित्रकार धनंजय कीर यांनी सांगितले आहे. काही दिवसांतच काठ्या घेतलेले लोक पथिकाश्रमाच्या दाराशी आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास बजावून गेले. आंबेडकरांनी दोन परिचितांकडे निवारा मागितला. त्यांतील हिंदू मित्र म्हणाला की, तुम्ही घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा ख्रिस्ती, त्यानेही पत्नीला विचारावे लागेल असे सांगून वेळ मारून नेली. मुंबईची गाडी सुटेपर्यंतचा वेळ त्या विद्वान पुरुषाने कमाटी बागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, काढला.

सकाळी फिरावयास आपण ज्या बागेत जातो तीच ही बाग. ही गोष्ट सांगताना एका पथिकाश्रमास किंवा एका धर्माच्या लोकांस दोष देऊन सुटण्याचा मोह होतो, म्हणून आम्ही मुद्दाम विचारतो: त्या दिवशी बडोद्यात किती मंदिरे होती, किती धर्मशाळा होत्या, किती अन्नछत्रे होती? आंबेडकरांनी त्यांपैकी एकाचेही दार ठोठावल्याचे लिहिलेले नाही. ठोठावण्यात अर्थ नाही हे त्यांना ठाऊक होते.

यावरून आमच्या वृद्ध मित्रांच्या शंकेला आम्ही असे उत्तर देऊ. राज्यघटनेने १९५० सालीच उपजीविकेची साधने, काम, चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण ही मार्गदर्शक तत्त्वे म्हणून लिहून ठेवली, पण न्यायालयात दाद मागण्याचा हक्क त्यांस जोडला नव्हता, आणि दहा वर्षांत पुरी व्हावयाची शिक्षणाची गोष्ट कायद्याने हक्क म्हणून अमलात यावयास १ एप्रिल २०१० उजाडला. धान्याचा कायदा २०१३ चा. त्याने पात्र कुटुंबांतील माणशी दरमहा पाच किलो धान्य ठरविले. चांगल्या मनाने ठरविलेली गोष्ट आणि हक्काने मागता येणारी गोष्ट यांत साठ वर्षांचे अंतर पडू शकते, म्हणून कायदा हवाच. पण कायदा दुकानापर्यंत पोचवितो. दुकानात अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या मजुराला यंत्र ओळखीत नाही तेव्हा त्याच्या बाजूने दोन शब्द बोलावयास शेजारी लागतो. कायदा विद्यार्थ्यास प्रवेश देतो, भाड्याची खोली घरमालक देतो, आणि तो अजूनही आडनाव विचारून देतो हे आपल्यापैकी कोणास ठाऊक नाही? दात्याने द्यावयाचे काय, असे आमचे मित्र विचारतात. जे सरकारच्या कोठारात नाही ते द्यावयाचे. विठू महाराचे रूप घेणाऱ्या देवाच्या भक्तांना हे अवघड असू नये.

आपल्या अन्नछत्राविषयी आमची तक्रार नाही. गुरुवारी पंगतीत कोण बसतो हे कोणी विचारीत नाही, आणि वाढणारे हात तृप्त मनाने वाढतात, हे आम्ही पाहिले आहे. परंतु मंदिरामागील धर्मशाळेची गोष्ट निराळी आहे. तेथील सहा खोल्या यात्रेचे दिवस सोडल्यास बहुतेक रिकाम्याच असतात, आणि विद्यापीठात शिकावयास बाहेरगावाहून येणारी मुले जागेसाठी वणवण करतात. त्यांपैकी दोन खोल्या वर्षभरासाठी विद्यार्थ्यांना द्याव्यात अशी सूचना कार्यकारिणीपुढे आली आहे. तिच्यावर बोलताना एका सभासदांनी, 'आपल्यांतीलच मुलांना' असे शब्द सुचविले. ते ठरावात घालावेत की नाहीत याचा निर्णय पौषातील सर्वसाधारण सभेत व्हावयाचा आहे. धर्मशाळेच्या नोंदवहीत नाव, गाव, येण्याचे कारण यांनंतर 'ज्ञाति' असा एक रकाना अद्याप छापलेला आहे. आता तो कोणी भरून घेत नाही असे कार्यवाह सांगतात, आणि ते खरे आहे. मागील दहा-बारा वर्षांची पाने आम्ही चाळून पाहिली, रकाना कोराच आहे. वहीची शेवटची काही पाने उरली आहेत. नवी वही छापावयास टाकण्यापूर्वी तिचा नमुना सभेपुढे ठेवला जाईल.